लेकीच्या घरची खंडणी

धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाला खेटून, खैरीटोला नावाचं गाव आहे. तिथल्या वारलूनं उभ्या जन्मात दोघांवरच हुकूम चालवला, बैलजोडीवर आणि बायकोवर. त्यातली बैलजोडी ऐकायची. अशा माणसाच्या वाट्याला साठी उलटल्यावर चांद्याचं अख्खं राज्य आलं, आणि राज्यासोबत चार मांडलिक राजे आले.

राज्य होतं कॉम्प्युटरमधलं. कॉम्प्युटर पोराचा, अजयचा. कॉलेजात असताना त्यानं तो गडचिरोलीहून जुनाच आणला होता आणि धानाच्या कोठीशेजारी टेबलावर मांडला होता. त्यात जुन्या राजेरजवाड्यांचा खेळ. एक राज्य निवडायचं आणि वर्षामागून वर्षं चालवायचं. अजयनं दूरदेशीचं काही निवडलं नाही. आपलं चांदा निवडलं, गोंड राजांच्या काळातलं, आणि हळूहळू देवगड, खेरला, वैरागड, बस्तर असे चार राजे हाताखाली आणले. मांडलिक म्हणजे कोण, तर जो आपल्या घरी राजाच असतो, पण दरसाल आपल्याला खंडणी देतो आणि लढाई लागली की फौज घेऊन धावत येतो. थोडक्यात, जावयाच्या उलटा प्राणी.

वारलूला या खेळाचा भारी राग. "त्या डब्यातल्या राज्यात पायलीभर धान तरी पिकते का रे?" असं तो येताजाता टोमणा मारायचा. मग अजयला सूरजागडकडे खाणीवर नोकरी लागली, ट्रक तोलायच्या काट्यावर. तो निघाला नेमका पेरणीच्या तोंडावर. वारलू बांधीत, धानाच्या वावरात, रोपांचे पऱ्हे टाकत राहिला, पोराला एसटीपर्यंत सोडायलाही गेला नाही. त्यानंतर बापलेकांचं फोनवरचं बोलणं हे असं:

"पाणी आला का?"

"आला. तिकडे?"

"आला. जेवला का?"

"जेवलो. ठेवू?"

"ठेव."

दोघांनाही यापुढचं काही सुचायचं नाही आणि दोघांनाही फोन ठेवायचा नसायचा.

अजयची बायको दिव्यानी अजून घरीच होती. तिकडे खोली मिळाली की जाणार होती. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून कॉम्प्युटर अधूनमधून सुरू करत जा, असं अजयनं तिला बजावलं होतं. एका दुपारी धानाच्या रोवण्यावरून चिंब भिजून आलेला वारलू पंचा शोधत आत शिरला, तर दिव्यानीसमोर रंगीत नकाशा.

"हे लाल काय आहे?"

"वैरागड आहे, मामाजी," दिव्यानी सासऱ्याला म्हणाली.

"वैरागड? वैरागडले तर मी बंडी घेऊन गेलो आहो. लाल काऊन झालं?"

"नाराज आहे. प्रत्येक मांडलिकाची अशी एक पट्टी असते. हिरवी म्हणजे खुश. लाल झाली म्हणजे त्याले आपल्यापासून मोकळं व्हायचं आहे."

"अन मंग?"

"मंग थो दुसऱ्या नाराजांले धरते अन उठते आपल्यावर."

वारलू ओल्या कपड्यानं तिथंच टेकला. पंचा राहिला बाजूला.

त्या संध्याकाळी फोनवर त्यानं पाण्याचं विचारलंच नाही. "तुयं वैरागड बिघडून राह्यलं," तो म्हणाला. मग अजय जो बोलायला लागला तो थांबेचना. वैरागड काऊन रुसते, बस्तर काऊन गुमान राहते, देवगडच्या मनात काय असते. इतका वेळ फोन कानाला लावलेला वारलू कोणी पाहिलेला नव्हता. त्याची बायको रुखमाबाई चुलीपासून उठून आली आणि हळूच म्हणाली, "कोण मेलं?"

"तुमीच चालवून पाहा मंग," अजय शेवटी म्हणाला. "पण मांडलिक सांभाळणं म्हणजे बैल हाकलणं नोहे. तुमाले नाई जमणार, बाबा."

"तुले सांभाळलं ना."

"मले कुठी सांभाळलं? मी तर पळालो."

तो हसत म्हणाला, पण बाभळीचा काटा चपलेतून आत जावा तसं ते वारलूला रुतलं. फोन ठेवून तो दिव्यानीला म्हणाला, "दिवाळीले थो येईल. चारच्या चार त्याच्या हाती द्यायचे. एक कमी नाई. अन हे मोडलं ना बाई, तर आमी दोघं पुन्हा 'पाणी आला का' वर येऊन पडू."

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की राजा आणि दिवाण कोठीजवळ बसू लागले. अक्षरं इंग्रजी, म्हणून वाचायचं दिव्यानीनं. ठरवायचं वारलूनं. गावाला कळायला कितीसा वेळ लागतो? पानठेल्यावर पोरं उठून उभी राहायची. "या राजेसाहेब! आमच्या गल्लीत जराशी गिट्टी टाका ना."

"अर्ज कर," वारलू म्हणायचा. "माई दिवाण वाचून पायते."

आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्याचं बरं चाललं. मांडलिकाचं असं असतं की त्याला विसरलेलं चालत नाही आणि त्याच्या उरावर बसलेलंही चालत नाही. देवगडला शेजाऱ्यानं छळलं तर वारलूनं फौज पाठवून शेजाऱ्याला हाकललं. बस्तरात दुष्काळ पडला तर खंडणी अर्ध्यावर आणली. पट्ट्या हिरव्या झाल्या. एकटं वैरागड तेवढं कुरकुरत राहिलं. तेव्हा दिव्यानी म्हणाली, "मामाजी, यात सोयरीक करता येते. आपली राजकन्या त्याच्या राजपुत्राले द्यायची."

रुखमाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पोरगा दिसायले कसा आहे?"

"पोरगा दिसत नाई, आई. नुसतं नाव आहे."

"न पायताच देऊन राह्यले? मलेही तसंच देलं होतं." तिनं वारलूकडे पाहिलं. "मंग पाय काय झालं थे."

सोयरीक झाली आणि वैरागड हिरवंगार झालं. वारलूनं त्या आनंदात दिव्यानीला गूळ दिला. मग वर्ष फिरलं, चारही ठिकाणची खंडणी आली, आणि वैरागडचं नाव ऐकताच वारलूनं कपाळावर हात मारला.

"हे वापस कर."

"काऊन?"

"लेक देली ना आपण तिथं. लेकीले लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी चालते का आपल्याले? माया बापानं नाई घेतलं, मी आपल्या पुनमच्या सासरचं नाई घेत. अन राजानं घ्यावं?"

"मामाजी, हे कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटरले लेक नाई. मले आहे."

"पण लेकरू झालं का नाई थे या खेळात दिसतच नाई."

"मंग थांबू," वारलू म्हणाला. "घाई कायची आहे?"

खंडणी बंद झाली. आता दरसाल द्यायचं ते वैरागडच्याच घरात राहू लागलं, आणि घरात साठलं की माणूस काय करतो? वैरागडनं फौज वाढवली. ती चांद्याच्या फौजेच्या खांद्याला लागली तशी पट्टी पिवळी झाली, मग नारिंगी. वारलूनं आंदण पाठवल्यासारख्या भेटी पाठवल्या. पट्टीची लाली चार दिवस उतरायची आणि पुन्हा चढायची. बाकीच्यांनाही डोळे होतेच. खेरला म्हणू लागलं, त्याला माफ तर आम्हाला का नाही? दिव्यानी रोज सांगायची की थोडी तरी खंडणी सुरू करा. वारलू रोज मान हलवायचा. फोनवर अजयनं विचारलं, "कसं आहे?" तर हा म्हणाला, "सारे गुमान आहेत." दिव्यानीनं तोंड फिरवलं. ती सासऱ्यासाठी इंग्रजी वाचत होती, खोटं बोलायचं काही ठरलं नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली. धान पिवळं पडायला लागलं, तेव्हा वारलू लेकीला दिवाळीचं सांगायला कोसमटोल्याला गेला. पुनमचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. म्हणून वारलू दर खेपेला घरून जर्मनच्या डब्यात भात-चटणी आणि बाटलीत पाणी घेऊन जायचा आणि त्यांच्या अंगणातल्या आंब्याखाली बसून जेवायचा. त्याच्या लेखी हा मान होता. लेकीच्या घरच्यांवर भार नको.

पुनमची सासू ठमाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. "आलात भाऊ? डबा आणला ना? बरं केलं. आमच्या घरी तर बिख शिजते."

"तसं नोहे बाई, रीत आहे."

"हो, रीतच आहे ना. बसा आंब्याखाली. आंबा काई आमच्या घरात मोडत नाई."

जावई सुनिल गोठ्यातून बाहेर आला, "या मामाजी," म्हणाला आणि पुन्हा गोठ्यात गेला. तो वारलूशी इतकंच बोलायचा. वारलू आंब्याखाली बसला. डब्याला हात घातला तशी पुनम समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आज नका उघडू."

"काऊन?"

"तुमाले मान वाटते थो. पण तुमी इथी डबा उघडला का साऱ्या गावाले दिसते, पुनमची मांडी अजून रिकामी आहे. दरसाल तुमी येता अन दरसाल सांगून जाता." ती रडली नाही. "सुनिल म्हणते, तुया बापाले आमचं पाणी चालत नाई, मंग त्याच्या बांधीवर मी कोणत्या तोंडानं कामाले जाऊ? ज्याचं कोणी काई घेतच नाई, थो कोणाचा असते, बाबा?"

आता खरं सांगायचं तर वारलूला आधी लेक नाही आठवली. आधी वैरागड आठवलं. ती लाल पट्टी डोळ्यांपुढं उभी राहिली आणि तिच्यामागून पुनम आली. माणसाचं डोकं असंच चालतं, आडवाटेनं. पण पोचला तो. त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं, उठला आणि ओसरीशी गेला.

"ठमाबाई, काय रांधलं आज?"

सूप थांबलं. "अंबाडीची भाजी आहे. अन वरण आहे, पाण्यासारखं."

"चालते. वाढा."

"अन लेकरू?"

"होईल नाईतर नाई होईल. मले भूक आता लागली आहे."

ठमाबाईनं तोंडाला पदर लावला. हसली की काय ते कळलं नाही. पण ताटात भात इतका वाढला की जणू साऱ्या वर्षांचा एकदमच वसूल करत होती. सुनिल गोठ्यातून आला, हात धुतले आणि काही न बोलता सासऱ्याशेजारी पाट टाकून बसला. पुनमनं वाढताना दोनदा चुकून भाजीवर भाजी वाढली.

घरी परतल्यावर वारलूनं सगळ्यांत आधी अजयला फोन लावला. कोसमटोल्याचं जेवण पोटात असताना खोटं टिकेना. "वैरागड बिघडलं. माया हातानं बिघडलं. मी तुले खोटं सांगतलं."

पलीकडून अजयचा आवाज आला. "मी म्हटलं होतं ना. आता हात नका लावू, बाबा. मी येतपर्यंत बंद ठेवा."

"नाई ठेवत."

"बाबा!"

"बिघडवलं मी, निस्तरतो मी. ठेवू?"

यावेळी त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दुपारी तो कोठीजवळ बसला आणि म्हणाला, "वैरागडकडून घ्यायचं."

"आता खंडणी मागतली तर आजच उठते थे," दिव्यानी म्हणाली. "पाहा किती लाल झालं."

"खंडणी नको मागू. माणसं माग. त्याचे दोन परगणे दक्षिणेच्या राजानं दाबून ठेवले आहेत म्हणत होती ना तू? त्यासाठी लढाई पुकार. अन त्याले म्हण, आमी येऊन राह्यलो, तू पण ये. साऱ्यांच्या पुढं चाल."

दिव्यानीनं वाचून सांगितलं. मांडलिकाच्या जमिनीसाठी लढाई पुकारली की त्याचा राग उतरतो, पण किती उतरेल ते आधी कळत नाही. पुरेसा नाही उतरला तर तो हुकूम मोडणार, आणि हुकूम मोडला म्हणजे बंड झालंच.

"कर," वारलू म्हणाला.

तिनं बटण दाबलं. पट्टी हलली. लाल जरा मागं सरलं, थबकलं, आणखी जरा सरलं. आणि वैरागडच्या गडातून फौजेचं निशाण बाहेर पडलं. "निघाले, मामाजी!" दिव्यानी ओरडली. रुखमाबाईच्या हातून तांदळाचं सूप पडलं.

लढाई सोपी नव्हती. दक्षिणेचा राजा चांद्याच्या दुप्पट. वैरागडची फौज पुढं आणि चांद्याची तिच्या मागोमाग, अशी नदीच्या खोऱ्यात उतरली. एक परगणा सुटला. दुसऱ्यापाशी फौजा अडकल्या, आणि नेमका तेव्हाच खेरल्यानं डाव साधला. चांद्यात फौज नाही हे पाहून ते उठलं.

"फौज वापस आणू का?" दिव्यानीनं घाईनं विचारलं. "लगेच फिरलो तर खेरला हाती राहते."

"अन वैरागड?"

"थे एकटं पडते तिथं. कापून काढतील त्याले."

वारलूनं नकाशावरचं खेरला पाहिलं. चारचे चार म्हटलं होतं त्यानं. अजय येण्याला फार वेळ उरला नव्हता. खेरला गेलं तर तीन, आणि तीन म्हणजे पोरगा म्हणणार की पाहा, नाही जमलं.

"मी बोलावलं म्हणून आलं थे," तो म्हणाला. "त्याले तिथं टाकून येऊ? पुढं चाल."

दुसरा परगणा सुटला. वैरागडची पट्टी इतकी हिरवी झाली की अजयच्या काळातही तशी कधी झाली नव्हती. आणि खेरल्यावरचा चांद्याचा रंग पुसला गेला.

दिव्यानीनं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मामाजी, लढाईच्या आधीचं राज्य यात जमा करून ठेवलं आहे. तिथून पुन्हा सुरू करता येते. दिवाळीले येतील तेव्हा त्याईले कळणारच नाई."

"तिथून सुरू केलं तर वैरागडचं हे सारं पण पुसते ना?"

"हो."

"राहू दे मंग. रोवलेलं उपटून कोणी परत पऱ्ह्यात खोचते का?"

अजय आला तो धुळीनं माखलेला. पाय न धुता कोठीशी गेला आणि खुर्चीत बसून नकाशा उघडला. वारलू दारात उभा राहिला.

"खेरला कुठी आहे?"

"गेलं," वारलू म्हणाला. "मी फौज दक्षिणेत गुंतवली अन थे उठलं. दिव्यानीनं सांगतलं होतं वापस फिरा म्हणून. मीच नाई फिरलो."

अजय नकाशा सरकवत राहिला. खेरल्यावरून देवगडवर, देवगडवरून खाली. वारलूला वाटलं, 'नाई जमलं' असं आता म्हणते, मंग म्हणते. वैरागडपाशी अजयचा हात थांबला.

"हे इतकं हिरवं कसं झालं?"

"त्याच्याकडून घेतलं. माणसं घेतली, अन त्याची जमीन त्याले सोडवून देली."

"मी तर याले नुसतं दाबूनच ठेवलं होतं," अजय स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग त्यानं बाह्या वर केल्या. "ठीक आहे. आता खेरल्यावर फौज नेऊ. दोन महिन्यांत गुडघ्यावर आणतो त्याले."

"ऊठ," वारलू म्हणाला.

"आँ?"

"खुर्चीवरून ऊठ. खेरला माया हातून गेलं, मीच आणतो. अन फौजेनं नाई आणत. गुडघ्यावर आणलेला मांडलिक उठायचीच वाट पायत असते."

"बाबा, तुमाले यातलं कळत नाई. रुसलेल्याले समजावत बसलं तर देवगडही रुसते."

"तुले रुसलेल्याचं काय कळते? तू तर पळाला."

"तुमी एसटीपर्यंत आले होते का?"

वारलू खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"नाई आलो," तो म्हणाला. "यायले पायजे होतं. सरक आता."

अजयनं कपाळावरची धूळ पुसली. मग उठला, कोपऱ्यातला स्टूल पायानं ओढून खुर्चीला चिकटवला आणि त्यावर बसला. "बरं. फौज नाई. मंग पहिले काय करता, सांगा."

"पहिले माणूस पाठवतो. इचारून येते, काऊन रुसला म्हणून."

"रिकाम्या हातानं?"

"मंग तूच सांग काय द्यायचं."

"मी सांगू? मायं खेरला तुमी घालवलं अन द्यायचं मी सांगू?"

रुखमाबाईनं दोनदा भात गरम केला आणि दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिनं दोन ताटं उचलली आणि कोठीजवळ आणून आदळली. खेरल्याला धाडलेला माणूस तोवर अर्ध्या वाटेवरही पोचला नव्हता.